साडेआठचा पाऊस

औशाच्या एका घड्याळजीच्या घरात भाई जन्मले आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून आयुष्यभर हिंडले. डाव्या हातावर वडिलांनी दिलेलं चावीचं, उजव्या हातावर स्वतः घेतलेलं सेलवरचं. नवा माणूस हसायचा. मग भाई दोन्ही हात त्याच्यापुढे धरायचे. “एकटं घड्याळ खोटं बोललं तर सांगणार कोण? बाजूला एक साक्षीदार पाहिजे का न्हाई?”

मी मुखेडची. कृषी सहाय्यक म्हणून पहिली नेमणूक जळकोटकडच्या एका मंडळात झाली. मंडळ म्हणजे दहा-बारा गावांचा एक गट; सरकार पाऊसपाण्याचा सगळा हिशोब मंडळावरून धरतं. हजर व्हायला गेले तेव्हा आमचे पर्यवेक्षक, म्हणजे हेच भाई, खुर्चीत नव्हते. कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत पर्जन्यमापकाशेजारी गुडघे टेकून, एक डोळा मिटून ते काचेच्या मोजपात्राकडे बघत होते.

“सर, मी नवीन...”

“थांब. इकडं ये. किती दिसून राहिलं?”

मी वाकून बघितलं. “साधारण दहा मिलिमीटर.”

“साधारण हा शब्द उद्यापासून घरी ठेवून ये, बेटा,” ते म्हणाले. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी वहीत नेमका आकडा लिहिला. तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पर्जन्यमापकाची देशभरातली वेळ तीच, आणि भाईंचा दिवसही तिथूनच सुरू व्हायचा. त्याआधी ते कुणाशी धड बोलायचे नाहीत.

त्यांना सर म्हटलेलं आवडायचं नाही. सगळा तालुका त्यांना भाईच म्हणायचा. हॉटेलात चहा पिताना कुणी विचारलं, “भाई, पाऊस कसा झाला?” की ते उलट विचारायचे, “कुणाच्या शिवारात?” ‘बरा झाला’, ‘झोडपून काढलं’, ‘लई पडला’ ही भाषा त्यांना सोसायची नाही. एकदा आमच्या वरिष्ठांनी पर्जन्यमापकाला खेटून मोटारसायकलींसाठी पत्र्याची शेड घालायचं ठरवलं. भाईंनी अर्ज केला नाही, भांडण केलं नाही. नेमकं जिथं खांब रोवायचा होता तिथं खुर्ची टाकली आणि दोन दिवस तिथंच बसून कामं उरकली. गवंडी येऊन बघून जायचा. तिसऱ्या दिवशी शेडची जागा बदलली.

त्यांची बायको, आमची भाभी, त्याच गावच्या शाळेत शिक्षिका होती. ती म्हणायची, “ह्यांचं पहिलं लग्न त्या भांड्याशी झालंय. मी दुसरी.” मुलीच्या लग्नाला भाईंनी रजा काढली आणि वही माझ्या ताब्यात दिली. सकाळी मोजमाप घेऊन मी वळते न वळते तोच मांडवातून त्यांचा फोन. पाठीमागे बायकांचा कालवा, भांड्यांचा आवाज. मी आकडा सांगितला. “पेन्सिलनंच लिहिलास ना? शाईनं लिहू नको, भिजली की फुटती,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मुलगी सासरी निघताना मात्र हा माणूस लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडला, असं भाभीनं मला नंतर सांगितलं.

ही वही भाईंची स्वतःची, प्रत्येक बदलीत बरोबर आलेली; ती मी एकदा मागं मागं चाळत गेले, तेव्हा एका पानावर मातीची बोटं उमटलेली दिसली. भूकंपाच्या सकाळचं ते पान. तेव्हा भाई तरुण होते, भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावी नोकरीला. उकाड्यानं अंगणात झोपले होते म्हणून वाचले. उजाडल्यापासून ते लोकांबरोबर दगडमाती उपसत होते, कुणाला जिवंत काढत होते, कुणाला नुसतंच काढत होते. साडेआठला ते उठले, पर्जन्यमापकाकडे गेले, नोंद केली आणि परत येऊन माती उपसायला लागले. गावातल्या लोकांना वाटलं, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

“का गेलात, भाई?” मी विचारलं.

“सगळंच हललं होतं, बेटा. एक तरी गोष्ट रोजच्यासारखी व्हावी म्हणून गेलो. हात थरथरून राहिले होते. आकडा लिहिला आणि थांबले.”

पुढच्या दिवसांत पडलेल्या घरांच्या याद्या झाल्या. घाईघाईत झालेल्या एका यादीतून एक वस्ती सुटली होती. भाईंनी त्या वस्तीतलं घरन्‌घर पायी फिरून, भिंत किती, वरचं माळवद किती, माणसं किती, असं लिहून काढलं आणि ते कागद मोठ्या साहेबांच्या हातात दिले. वस्ती यादीत आली, पुढे तिला नवी घरंही मिळाली. या सगळ्यातून त्यांनी जे काढलं ते मला पुष्कळदा ऐकवलं: “सरकार वाईट नसतंय. लांब असतंय. त्याला दिसंल असं लिहून द्यावं लागतंय.” कार्यालयातले बाकीचे सरकारला एक तर शिव्या घालायचे, नाही तर सलाम ठोकायचे. भाई सरकारशी कमी दिसणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं वागायचे: जवळ जाऊन, सावकाश, पुन्हा पुन्हा.

त्यांच्या पुतण्याचे लातुरात क्लासेस होते. मीही अकरावी-बारावीला लातुरात चौघींच्या खोलीत राहून असल्याच क्लासांच्या जिन्यांत झिजले होते, त्यामुळे तो पसारा मला माहीत होता. पुतण्याची तीन मजली इमारत, दर्शनी बाजूला पहिल्या आलेल्या मुलांचे माणसाएवढे फोटो. भाई निवृत्त झाल्याबरोबर त्यानं त्यांना गणित शिकवायला बोलावलं. भाई सकाळच्या बसनं गेले आणि संध्याकाळच्या बसनं परत आले.

“काय झालं?”

“तिथं उत्तर आधीच छापलेलं हाय. पोरं उत्तराकडून उलटी चालून राहिलीत. हुशार हायत, पण मला न्हाई जमायचं.”

पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात क्लासवाल्यांनी मुलांना लवकर घरी पाठवलं. पुतण्याचा फोन आला, “चाचा, पाऊस कधी येणार?” भाई म्हणाले, “मी मोजतो रे बाबा, बोलावत न्हाई.”

‘हवामान बदल’ हे शब्द आमच्या कार्यालयात एका जाडजूड परिपत्रकातून आले, तेव्हा भाई अजून नोकरीत होते. बाकीच्यांनी सही करून ते फायलीला लावलं. भाई ते घरी घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत आणलं तेव्हा ओळी ओळीखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यांनी आपली वही माझ्यापुढे उघडली. “हे बघ. पाऊस जवळजवळ तेवढाच पडून राहिला, पण दिवस गळाले. आधी जे महिनाभर पुरवून पुरवून पडायचं ते आता दोन दिवसांत ओतून मोकळं होतंय. मला वाटायचं हे मला एकट्यालाच दिसून राहिलं. सरकारलाबी दिसलं!” एवढे खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

त्यानंतर एकेक योजना येत गेली. सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरा, म्हणजे पाणी मुरेल. सौर पंप घ्या, तुषार संच घ्या, अनुदान आहे. आणि दर मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र, दर दहा मिनिटांनी पाऊस नोंदवणारं. पीक विम्यालाही त्याचाच आधार: पेरणीनंतर पावसात मोठा खंड पडला, तर केंद्राच्या नोंदीवरून सगळ्या मंडळाला लगेच मदत, कुणाच्या दारात जायची गरज नाही. आमच्या मंडळात केंद्र बसलं त्या दिवशी निवृत्त भाईंनी गावात पेढे वाटले. यंत्राच्या खांबावर त्यांनी हात फिरवला. “जे मी दिवसातून एकदा करायचो ते हे बेटं रात्रंदिवस करणार.” केंद्राची जागा योग्य असल्याच्या दाखल्यावर माझी सही होती. चारी बाजूंनी मोकळं रान होतं तेव्हा.

तरी भाईंनी आपल्या अंगणात स्वतःचा पर्जन्यमापक बसवलाच. मी विचारलं, “यंत्रावर विश्वास नाही का?”

“हाय की. म्हणूनच त्याला साक्षीदार ठेवून राहिलो.”

आणि मग ते वर्ष आलं. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पाऊस जो गेला तो गेलाच. एक आठवडा, दुसरा, तिसरा. दुपारी पानं उलटी व्हायला लागली, सगळं शिवार पांढुरकं दिसायचं. आजूबाजूच्या मंडळांची नावं खंडाच्या यादीत आली. आमचं नाव नव्हतं. यंत्र म्हणत होतं, तुमच्याकडे पाऊस पडतोय. रोज पडतोय.

गावांतली माणसं माझ्या टेबलाभोवती उभी राहिली. मी मोबाइलवरचे आकडे दाखवले. एक म्हातारे शेतकरी शांतपणे म्हणाले, “म्याडम, हा पाऊस कुठं पडून राहिला तेवढं दाखवा. जनावरं तिकडं पाजायला नेतो.”

दुसऱ्या दिवशी भाई आले. त्यांच्या वहीत त्या सगळ्या दिवसांपुढे शून्य होतं.

“केंद्राकडं शेवटची कधी गेली होतीस?”

“बसवलं तेव्हा.” मी त्यांची वही मिटली. “भाई, दाखल्यावर माझी सही आहे. माझ्यावरच येईल हे.”

ते रागावले नाहीत. “येईल तर येईल. आधी कागद मागव. मला रोजचा आकडा नको. दर दहा मिनिटांचा पाहिजे.”

मी पत्र पाठवलं, पाठपुरावा केला, कागद आले. भाईंनी ते ओसरीवर अंथरले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून भाभीनं कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. दोन तास ते रांगत रांगत वाचत होते. मग एकदम मोठ्यांदा हसले, इतके की भाभी स्वयंपाकघरातून धावत आली.

“काय सापडलं?” मी विचारलं.

“बैठकीत सांगतो. तोवर केंद्राकडं जाऊ नको. मीबी जात न्हाई. आपण बघितलं तर आपली साक्ष. साहेब लोकांनी बघितलं तर सरकारची.”

जिल्ह्याच्या बैठकीला जिल्हाधिकारी बाई होत्या, तरुण आणि कमी बोलणाऱ्या. गावाच्या तक्रारीला भाईंची वही जोडली होती आणि गावाच्या वतीनं भाईच आले होते. आमच्या मंडळाचा विषय निघताच विमा कंपनीचा प्रतिनिधी उठला. खासगी माणसाची वही नियमात बसत नाही, यंत्राची नोंद हीच अंतिम, असं त्यानं सांगितलं. त्याचं चूक नव्हतं. नियम तसाच होता.

भाई उभे राहिले. “साहेब बरोबर बोलून राहिले. माझी वही धरू नका. तुमचं यंत्रच धरा.” त्यांनी कागदांची चळत उघडली. “पहिल्या दिवशी पाऊस, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं ते साडेदहा. दुसऱ्या दिवशी, दहा दहा ते साडेदहा. तिसऱ्या दिवशी...”

पाचव्या दिवसाला सभागृहात खुसखुस सुरू झाली.

“मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या घड्याळं दुरुस्त झाली. इतकं वेळेवर चालणारं एक घड्याळ आमच्या हातून झालं न्हाई.”

बाईंनी विचारलं, “रोज पडतो हा पाऊस?”

“रोज. फक्त सोमवारी न्हाई.”

“सोमवारी का नाही?”

“सोमवारी आमच्या गावचा बाजार असतोय, मॅडम. पाऊस बाजाराला जातोय.”

सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून कागद मागून घेतले आणि बोट फिरवत सोमवारमागून सोमवार तपासले. त्या शांततेत मी उभी राहिले. म्हटलं, “मॅडम, जागेच्या दाखल्यावर सही माझी आहे. बसवल्यानंतर मी एकदाही तिकडे गेले नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बसा. उद्या दहा वाजता आपण सगळे तिथं जाऊ. तुम्हीही या.”

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही केंद्राच्या जाळीपाशी उभे होतो: बाई, तहसीलदार, विमा कंपनीचा माणूस, मी, भाई आणि निम्मं गाव. ज्या बाजूला पूर्वी मोकळं रान होतं तिथं आता भिंत होती, आणि भिंतीपलीकडे हिरव्या जाळीखाली एक रोपवाटिका. वर सौर पंपाच्या काळ्या पाट्या चमकत होत्या. आभाळ कोरडं ठाक. दहा वाजून दहा मिनिटांनी पलीकडे काहीतरी खरखरलं आणि तुषार संचाची मोठी धार भिंतीवरून उसळली. आधी ती केंद्रावरून गेली, मग आमच्यावरून. फिरून परत आली. पुन्हा गेली. कुणीही जागचं हललं नाही. बाईंच्या साडीवरून पाणी निथळत होतं. त्या विमा कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, “नोंद घ्या. आज आपल्यावर पाऊस पडला.”

आता मात्र त्या हसल्या, आणि मग सगळं गाव हसलं.

रोपवाटिकेचा मालक, दर सोमवारी बाजारात रोपं विकायला बसणारा, धावत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हातात योजनेचे कागद: पंप सरकारच्या अनुदानातला, तुषार संच सरकारच्या अनुदानातला, सगळं रीतसर. दोघं-चौघं त्याच्या अंगावर गेले. भाई मध्ये जाऊन उभे राहिले.

“ह्याचं काही चुकलं न्हाई. एका योजनेचं पाणी दुसऱ्या योजनेच्या यंत्रात पडलं. दोघी एकाच घरातल्या, पण त्यांची एकमेकींशी ओळखच न्हवती. ती करून द्या, मॅडम.”

आमचं मंडळ यादीत आलं. मदत वेळेत मिळाली, आणि त्या पैशातून हरभऱ्याचं बियाणं घेऊन लोक पुढच्या पेरणीला उभे राहिले. जिल्ह्यातली सगळी केंद्रं तपासली गेली. एक झाडाखाली सापडलं, एक पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. माझ्यावर काय कारवाई होणार म्हणून मी महिनाभर धास्तावले होते. आदेश आला: दर महिन्याला केंद्रांच्या जागा स्वतः जाऊन तपासायच्या. तो कागद मी देवापुढे ठेवला.

राज्याचं हवामान बदलाचं नवं धोरण तेव्हा तयार होत होतं. बाईंनी आमचं प्रकरण वर कळवलं आणि भाईंना मुंबईच्या बैठकीचं बोलावणं आलं. त्यांनी माझ्याकडून भाषण लिहून घेतलं आणि ते खिशातच ठेवलं. तिथं पडद्यावर चित्रं दाखवून मोठमोठे लोक पुढच्या पन्नास वर्षांचं तापमान सांगत होते. भाईंची पाळी आली. ते म्हणाले, “पन्नास वर्षांचं सांगून राहिलात, चांगलं हाय, सांगाच. पण आज सकाळी साडेआठला किती पडला ते नीट धरा. रोजचं नीट धरलं की पन्नास वर्षं धरता येतात. आणि यंत्राशेजारी गावचा एक माणूस ठेवा. यंत्राला पाणी कळतंय, पाऊस न्हाई कळत.”

अध्यक्षांनी ते शेवटचं वाक्य परत म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं.

काही महिन्यांनी शासन निर्णय निघाला. मी तो कार्यालयात उभ्याउभ्याच वाचला. प्रत्येक स्वयंचलित केंद्राशेजारी साधा पर्जन्यमापक बसवायचा, गावानं निवडलेल्या माणसानं तो रोज मोजायचा, दोन आकडे जुळले नाहीत तर समितीनं जागेवर जाऊन बघायचं आणि ती बघेपर्यंत शेतकऱ्याचा हक्क थांबवायचा नाही. आणि जवळपास नवा पंप किंवा तुषार संच मंजूर करताना आधी केंद्राचं अंतर पाहायचं. सगळ्या राज्यासाठी. भाईंचं नाव त्यात कुठंच नव्हतं, पण त्यांचं बोलणं जागोजागी होतं. सरकारी भाषेची इस्त्री मारलेलं, तरी ओळखू येणारं.

भाई तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला पुतण्याकडे होते. मी फोन केला. निर्णय निघाल्याचं सांगितलं.

“वाच,” ते म्हणाले.

मी सगळं वाचून दाखवलं.

“आता ते अंतराचं कलम परत वाच.”

मी परत वाचलं. मग त्यांनी पुतण्याकडे पेन्सिल मागितल्याचं ऐकू आलं.

ते परतले त्या दुपारी बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. बस थांबली. डोळ्यांवर डॉक्टरनं दिलेला काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी, असे भाई पायरीवर आले आणि समोर दोन हलग्या कडाडल्या. ते दचकून परत आत जायला निघाले, पण कंडक्टरनं दार लावून घेतलं. लोकांनी त्यांना खांद्यावर उचललं. रोपवाटिकेचा मालक सगळ्यांत पुढे होता, फुलांच्या पाकळ्या मुठीमुठीनं उधळत. “अरे, टाके हायत डोळ्याला! सावकाश!” भाई ओरडत होते आणि हसत होते, आणि काळ्या चष्म्याखालून दोन्ही गालांवर पाणी ओघळत होतं. भाभी शाळेतून तशीच आली होती, हाताला खडू लागलेला. तिनं दोन्ही हात वर केले आणि मागोमाग आलेल्या शाळेतल्या पोरींना म्हणाली, “वाजवा ग टाळ्या, बघत काय राहिलात?”

सरकारी नोकरीतल्या बाईनं भर रस्त्यात मिरवणुकीत नाचू नये, असा नियम असेलही. मला माहीत नव्हता. मिरवणूक केंद्रापाशी आली तशी मी हातातली भाईंची पिशवी रोपवाटिकेच्या भिंतीवर ठेवली, पदर खोचला आणि हलगीपुढे नाचले.